गावची चावडी : पांढरी पाटी की पिवळी?



भाताची झोडणी आटोपली, पेंढा उडव्यांत रचला गेला, की घरोघर दोन विषयांची बोलणी निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा गाडीचा. लग्नाविषयी सल्ला द्यायला गावात माणसे पुष्कळ आहेत. आज आपण गाडीविषयी बोलू. गाडी म्हणजे बैलगाडी नव्हे, भाड्याने चालवायची मोटार.

उदाहरणाला ठाणे जिल्ह्यातले शेलार गाव घेऊ. भिवंडीतून वाड्याच्या रस्त्याला लागले आणि नदीनाका मागे पडला की शेलार येते. पुढे हाच रस्ता अनगाव, कवाड, अंबाडी, कुडूस करीत वाड्याला जातो. एका अंगाला यंत्रमाग आणि गोदामे, दुसऱ्या अंगाला भातखाचरे, असा हा मुलूख. भिवंडी तालुक्यात गेल्या काही वर्षांत बऱ्याच जमिनी गेल्या. काही गोदामांना विकल्या गेल्या, काही रस्त्यांसाठी संपादन झाल्या. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक याच तालुक्यातल्या आमणे गावी आहे, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमीन गेली की पैसा येतो आणि पैसा आला की घरातला तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, गाडी घेऊ. नाक्यावर लावली तरी रोजचे पैसे सुटतील."

मुलाचे चुकत नाही. रिकामे बसण्यापेक्षा धंदा केव्हाही बरा. गोदामांत कामाला जाणारी माणसे आहेत, भिवंडीच्या बाजाराला आणि दवाखान्याला जाणारी आहेत, वज्रेश्वरीच्या जत्रेला जाणारी आहेत. गिऱ्हाइकाला तोटा नाही. पण बाबांनी लगेच एक प्रश्न विचारावा, "पाटी कुठली लावणार, पांढरी की पिवळी?" या एका प्रश्नावर राहिलेली जमीनही टिकेल की जाईल, हे ठरू शकते. कसे, ते पाहू.

पाटीचा अर्थ

मोटारीच्या पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती खासगी गाडी. मालकाने स्वतःच्या कुटुंबासाठी वापरायची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती भाड्याची. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते. तिच्यावर पांढरी अक्षरे असली तर गाडी खासगी, पिवळी असली तर भाड्याची.

नुसती पिवळी पाटी लावून मात्र भागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे भाड्याने गाडी चालवायची तर परवाना, म्हणजे आपण ज्याला परमिट म्हणतो ते, लागतेच. चालक सोडून सहापर्यंत उतारू नेणारी ती मोटारकॅब. सहाहून अधिक आणि बारापर्यंत नेणारी ती मॅक्सीकॅब. आपली जीप, मॅजिक, इको यांची गणती गाडीच्या आसनांप्रमाणे या दोहोंपैकी एकीत होते.

आता खरी मेख ऐका. परवाने दोन जातींचे असतात. एक टप्पा वाहतुकीचा. त्यात गाडी ठरल्या मार्गाने जाते, थांब्याथांब्यावर माणसे चढतात, उतरतात आणि प्रत्येक जण आपापले तिकीट काढतो. दुसरा कंत्राटी वाहतुकीचा. त्यात एका गिऱ्हाइकाने किंवा एका मंडळीने सगळी गाडी ठरवायची आणि इथून तिथवर जायचे. वाटेत माणसे घ्यायची नाहीत. राज्यात गावोगावची टप्पा वाहतूक एस.टी. महामंडळाकडे आणि शहरांतली पालिकांच्या परिवहन सेवांकडे असते. जीप-टॅक्सीला मिळतो तो कंत्राटी परवाना. म्हणजे पिवळ्या पाटीची, सगळे कागद असलेली जीपसुद्धा अंबाडी नाक्यावर "एक सीट, एक सीट" असे ओरडून माणसे भरू लागली, तर तिने परवान्याची अट मोडलीच. शेअर रिक्षाचे निराळे आहे. तिचे मार्ग आणि दर माणशी भाडे परिवहन प्राधिकरणाने मंजूर केले असेल, तेवढ्या मार्गापुरती ती कायदेशीर.

हे असे का झाले?

स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे खासगी सर्व्हिस मोटारी धावत. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, आणि तोट्याच्या गावाला जायचीच नाही. सरकारने ही वाहतूक आपल्या हाती घेतली आणि १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. आडगावालाही गाडी जावी आणि भाडे एकसारखे असावे, हा त्यातला हेतू. तो बऱ्याच अंशी साधला. आपल्यातले कितीतरी जण एस.टी.च्या पासावरच शिकले.

पण गावे वाढली, माणसांची ये-जा वाढली, त्या मानाने एस.टी. वाढली नाही. जिथे दिवसातून दोन गाड्या येतात तिथे तिसऱ्या वेळेला माणूस जाणार कसा? ही पोकळी जीपवाल्यांनी भरली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तिला वडाप म्हणतात. विदर्भात काळी-पिवळी म्हणतात. रायगडात मिनीडोर आणि विक्रम, कुठे टमटम. नावे वेगळी, काम एकच. पुढे काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांना कंत्राटी परवाने मिळाले, तरी त्या चालल्या टप्प्यानेच. कायदा एका बाजूला आणि गरज दुसऱ्या बाजूला, असा हा संसार चालला आहे.

२०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तेव्हा सरकारनेच नोव्हेंबर २०२१ मध्ये खासगी बसगाड्या आणि इतर वाहनांना उतारू नेण्याची तात्पुरती मुभा दिली. एरवी ज्या जीपला दंड व्हायचा, तिच्यावाचून त्या महिन्यांत पान हलले नसते. संप मिटला, मुभाही संपली.

मग वारे उलटे फिरले. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एस.टी. मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट झाले. बाजारहाट करणाऱ्या माऊल्या एस.टी.कडे वळल्या. त्यांचे पैसे वाचले, हे चांगलेच झाले. पण जीपच्या धंद्याचा हिशेब करताना हे ध्यानात घ्यायला हवे. गाडी घेण्याआधी आपल्या मार्गावर एस.टी.च्या फेऱ्या किती आणि कोणत्या वेळेला, हे मुलाने आठ दिवस नाक्यावर बसून पाहावे.

ठिकठिकाणची तऱ्हा

मुंबईकडे पाहा. काळ्या-पिवळ्या टॅक्सी तिथे एके काळी साठ हजारांच्या वर होत्या. आता त्या बऱ्याच कमी झाल्या. प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. तिची जागा मोबाइलवर बोलवायच्या गाड्यांनी घेतली. त्यातल्या बहुतेक टुरिस्ट परवान्यावर, म्हणजे टी-परमिटवर चालतात.

रिक्षांची गोष्ट वेगळी. १९९७ साली मुंबई आणि आसपास नवे परवाने गोठवले गेले. झाले काय, की जुन्या परवान्यालाच भाव आला. परवाना एकाच्या नावे आणि रिक्षा चालवणारा दुसराच, रोजचे भाडे पहिल्याच्या खिशात, असा प्रकार सुरू झाला. जून २०१७ मध्ये सरकारने ही मर्यादा उठवली. बिल्ला असलेल्या कुणालाही अटी पुऱ्या करून परवाना मिळू लागला. परवान्याचा काळाबाजार बसला, पण रिक्षा इतक्या वाढल्या की नाक्यावर नंबर यायला ताटकळावे लागते. विहिरीला पाणी तेवढेच आणि मोटा वाढल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? मर्यादा घातली तर परवान्याला भाव, मर्यादा काढली तर कमाईला ओहोटी. दोन्हींत भरडतो तो गाडी हाकणारा.

गोव्यात आणखी एक तऱ्हा. तिथे दुचाकीवर उतारू नेणारे परवानाधारक 'पायलट' अनेक दशकांपासून आहेत. तिथल्या टॅक्सीवाल्यांनी मोबाइलवरच्या मोठ्या कंपन्यांना पाय ठेवू दिला नाही. पर्यटन महामंडळाच्या आश्रयाने २०१८ साली निघालेल्या गोवा माइल्स या सेवेलाही त्यांनी कडवा विरोध केला. आपल्या राज्याने दुचाकी टॅक्सीला २०२५ साली मान्यता दिली, तीही फक्त विजेवरच्या दुचाकीला. तेव्हा घरातली पेट्रोलची मोटारसायकल मोबाइल कंपनीला जोडून 'भाडे मारतो' म्हणणाऱ्या मुलाला वेळीच थांबवा.

सातासमुद्रापलीकडे इंग्लंडातही हेच रडगाणे आहे. तिथे टॅक्सी आणि 'प्रायव्हेट हायर' असे दोन परवाने आहेत. टॅक्सीने रस्त्यात हात दाखवणारा उतारू घ्यायचा आणि दुसरीने फक्त आधी ठरवलेला. परवाना स्थानिक पालिका देते. टॅक्सी घटत चालल्या आणि प्रायव्हेट हायर वाढत चालल्या आहेत. वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या शहराची पालिका इतके परवाने देते, की तिथला परवाना घेतलेले चालक दूरदूरच्या शहरांत धंदा करतात आणि त्या शहरांच्या पालिका कुरकुरतात. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर नागालँड, अरुणाचल किंवा दमणच्या पाटीच्या आरामगाड्या दिसतात, त्यातलाच हा प्रकार. जिथे कर कमी आणि कागद सोपे, तिथे नोंदणी.

पांढऱ्या पाटीचे भाडे किती महाग पडते

आता मुख्य मुद्दा. गावोगाव दिसते ते असे की मुलगा इको किंवा तसलीच गाडी खासगी नोंदणीने घेतो, कारण कर, विमा, पासिंग यांचा खर्च कमी. मग गावातल्याच माणसांची भाडी मारतो. "आपलीच माणसं आहेत, कोण विचारतंय?" असे म्हणतो.

शेजारचा म्हणाला, "काका, पोरीला दवाखान्यात न्यायचंय, गाडी काढा," आणि तुम्ही काढलीत, तर ती माणुसकी झाली. तिच्याविषयी मी बोलत नाही. मी बोलतो ते रोजच्या धंद्याविषयी.

विनापरवाना भाडे मारताना गाडी पकडली, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. गाडी अटकावूनही ठेवता येते. पण दंड हे लहान संकट. मोठे संकट अपघाताचे.

खासगी गाडीच्या विमापत्रात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की भाड्याने वापर केल्यास हा विमा लागू नाही. परवाना नसलेली गाडी भाड्याने चालवली, या कारणावर जबाबदारी नाकारण्याचा हक्क कायद्यानेच विमा कंपनीला दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये विनापरवाना ट्रकच्या एका अपघातात काय केले ते सांगतो. परवाना नसणे हा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मृताच्या वारसांना विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते ट्रकमालकाकडून वसूल करावेत, हा आदेश कायम ठेवला.

'मालकाकडून वसूल' या शब्दांचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. अपघात प्राधिकरण भरपाई ठरवते ती मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर पोसणारी माणसे पाहून. कर्त्या माणसाची भरपाई सहज लाखांत जाते. गाडीचे तर भंगार झालेले. मग वसुली कशातून? मालकाच्या नावावर जे असेल त्यातून. गाडी बहुधा बापाच्या नावावर असते आणि सातबाराही बापाच्याच. महामार्गात गेलेल्या जमिनीच्या पैशातून गाडी आली आणि त्या गाडीपायी राहिलेल्या जमिनीवरही टाच आली, असे कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे एवढे चऱ्हाट.

शिवाय त्या गाडीत बसलेली माणसेही आपल्याच गावची. त्यांच्या बायकामुलांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागल्या, तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

आधी हिशेब, मग हप्ता

पिवळी पाटी घ्यायची ठरली, तरी कागद पेन्सिल घेऊन बसा. समजा, गाडीसाठी आठ लाख रुपये कर्ज काढले, व्याज दरसाल दहा टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सतरा हजारांच्या आसपास बसतो. महिन्यात गाडी २५ दिवस चालली असे धरले, तर रोजचे ६८० रुपये हप्त्याचेच झाले. विमा, कर, पासिंग, टायर, दुरुस्ती यांना महिना सहा हजार धरा, रोजचे २४० रुपये. मिळून ९२० रुपये गाडी जाग्यावरून हलण्याआधीच खर्ची पडले. आता समजा, दिवसाचा गल्ला दोन हजार आला आणि इंधनाला सातशे गेले. उरले १,३००. त्यातून ९२० वजा करा. हातात ३८० रुपये. ही मुलाची दिवसभराची मजुरी. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या मार्गाचे, तुमच्या गाडीचे आकडे घालून पाहा. गल्ला तीन हजारांवर जात असेल तर धंदा खुशाल करा. दोन हजारांतच अडकत असेल तर जुनी गाडी किंवा रिक्षा परवडते का, ते पाहा.

मोबाइल कंपनीला गाडी जोडायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्र सरकारने १ जुलै २०२५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गाडी चालकाची स्वतःची असेल, तर भाड्यातला किमान ८० टक्के वाटा त्याला मिळायला हवा. कंपनीकडून येणारा हिशेब दर आठवड्याला ताडून पाहा.

कागदांची जुडी

कागद कुठले लागतात, ते एकदा नीट पाहून ठेवू. गाडीचे नोंदणी पुस्तक, भाड्याच्या वापराचा विमा, योग्यता प्रमाणपत्र म्हणजे पासिंग, परवाना, कराची पावती, धुराचा दाखला, आणि चालकाचे लायसन्स व बिल्ला. नवी गाडी दोन वर्षांसाठी पास होते. पुढे आठ वर्षांची होईतो दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. परवाना पाच वर्षांचा असतो, आणि मुदत संपण्याच्या निदान १५ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल शाईने लिहून ठेवा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की हलक्या मोटारीचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे भाड्याचे वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. पण म्हणून बिल्ल्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याची चौकशी ठाण्याच्या परिवहन कार्यालयातच करा.

पांढऱ्या पाटीची गाडी आधीच घेऊन बसला असाल तरी मार्ग बंद नाही. कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र घ्या. कराचा फरक भरून, गाडीची तपासणी करून नोंदणी बदलता येते आणि मग परवाना मिळतो. विमाही त्याच वेळी बदला. तो विसरलात तर बाकीचे सगळे व्यर्थ.

माता-भगिनींसाठी दोन शब्द. घरचा परवानाधारक दगावला, तर दुःखाच्या भरात कागदांकडे कुणाचे लक्ष जात नाही. कायदा असा आहे, की ज्या वारसाच्या ताब्यात गाडी येते, त्याने मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला कळवले, तर तीन महिने त्याच परवान्यावर गाडी चालवता येते. तेवढ्या मुदतीत परवाना आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा. "दिवस झाल्यावर बघू, वर्षश्राद्धानंतर बघू," असे म्हणत राहिले की परवाना जातो, गाडी दारात उभी राहते आणि हप्ते तर चालूच राहतात. म्हणून घरातल्या बाईला कागद कुठे ठेवलेत, बँक कुठली, विमा कुणाकडे, हे माहीत असलेच पाहिजे. आणि स्वतः रिक्षा चालवायची हिंमत असेल, तर बायकांसाठी परवान्यात राखीव वाटा आहे. २०१६ सालापासून त्यांच्या अबोली रंगाच्या रिक्षा निघाल्या आहेत.

या रविवारी घरात सगळे असतील तेव्हा ट्रंकेतली ती जुडी बाहेर काढा. विमापत्रावर गाडीचा वापर कसला लिहिला आहे, ते मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. खासगी असे लिहिले असेल आणि गाडी मात्र नाक्यावर भाडे मारत असेल, तर सोमवारी सकाळी दुसरे काम काढू नका.